फिस्टुलासाठी औषधी बलून : सोलापूरच्या डायलिसिस रुग्णांनी काय पाहावं

हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) वारंवार आकसत असेल तर पॅक्लिटॅक्सेल हे शीर पुन्हा आकसू नये म्हणूनचं औषध लावलेला बलून विचारात घ्यावाच. ‘इन.पॅक्ट एव्ही’ या अशा बलूनची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, पुन्हा उपचार न लागता, ८२.२ टक्के रुग्णांत आकसलेली जागा उघडी होती; साध्या बलूनने ५९.५. फरक मोठा आहे.

मात्र हा बलून शीर रुंद करण्यासाठी नाही, औषध सोडण्यासाठी आहे. आधी साध्या हाय-प्रेशर बलूनने अरुंदपणा ३० टक्क्यांच्या आत आणावा लागतो. ही पायरी कच्ची राहिली की महागडा बलून वाया. मग तो झटपट जागेवर नेऊन ३ मिनिटं फुगवून ठेवायचा. वाटेत रेंगाळलं तर औषध रक्तात धुऊन जातं. औषध एकदाच सुटतं, म्हणूनच वापरलेला बलून दुसऱ्यांदा निरुपयोगी. नवाच बलून वापरला याची खात्री म्हणून बिलासोबत खोक्यावरचं लेबल मागून घ्या.

अक्कलकोट, बार्शीहून एसटीने येणाऱ्यांनी रोज सकाळी फिस्टुलाची थरथर बोटांनी तपासावी. सुई काढल्यावर रक्त लवकर न थांबणं, हात सुजणं या फिस्टुला बंद पडण्याआधीच्या खुणा. थरथर थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.