पहिली गाडी: जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी की नवी स्विफ्ट?

पुण्यात नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालंय, हातात थोडे पैसे जमलेत, घरचे थोडा हातभार लावायला तयार आहेत आणि बजेट फिरून फिरून सात-आठ लाखांवर येऊन थांबतंय, अशा पोरापोरींपुढे हल्ली हमखास हे दोन पर्याय येतात. एक म्हणजे शोरूममधली नवीकोरी स्विफ्ट, सहा एअरबॅग, वॉरंटी, आईबाबा निर्धास्त. दुसरी म्हणजे कुणीतरी जपून वापरलेली २०१५ ते २०१८ मधली पोलो जीटी टीएसआय, जिचे फोटो रात्री झोपायच्या आधी परत परत उघडून बघितले जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात दुसरी गाडी नसेल आणि ही पहिलीच असेल तर स्विफ्ट घे, आणि मॅन्युअल घे. पोलोवर माझा जीव आहे, मित्राकडे होती तेव्हा भरपूर चालवलीये, तरीही हेच सांगेन.

पोलोचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. ही गाडी आपल्या चाकणला बनायची. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये पोलो बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. जीटी टीएसआय आली ती २०१३ मध्ये, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे गाडी ओढणारा जोर) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १०५ पीएस ऐकून आज कुणी दचकत नाही, पण टॉर्क १५०० आरपीएमपासूनच पूर्ण हातात येतो आणि सगळी मजा तिथे आहे. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढतोय, पुढे उसाचा ट्रक, शेजारची लेन मोकळी झाली, ॲक्सिलरेटर अर्धा दाबला की गिअरबॉक्स स्वतःच खालचे गिअर घेतो, पाठ सीटला टेकते आणि तू तिसऱ्या वळणाचा विचार करेपर्यंत ट्रक आरशात गेलेला असतो. शून्य ते शंभरसाठी कंपनीचा दावा ९.७ सेकंदांचा होता आणि गाडी चालवताना तो पटतो. शंभरच्या स्पीडला एक्सप्रेसवेवर जी बसते ना रस्त्याला धरून, ते या किमतीतल्या नव्या गाड्यांमध्ये मला अजून कुठे मिळालेलं नाही.

स्विफ्टमध्ये हे नाही, उगाच आहे म्हणण्यात अर्थ नाही. २०२४ ला आलेल्या चौथ्या पिढीत १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, साधारण ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटर, टर्बो नाही. तोच खंबाटकी चार माणसं आणि सामान घेऊन चढायचा तर तिसऱ्यात आणावी लागते, कधी दुसऱ्यात, आणि ओव्हरटेक घ्यायचा की नाही हे दहा सेकंद आधी ठरवावं लागतं. पण वजन फक्त ९२० किलोच्या आसपास असल्यामुळे शहरात ती एकदम चपळ वाटते, क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, सदाशिव पेठेतल्या गल्लीत समोरून टेम्पो आला तरी घाम फुटत नाही.

आता खरा मुद्दा, की तू गाडी चालवणार कुठे? मनात ताम्हिणी असतो, लवासाचा रस्ता असतो, पण रोजचं काय तर कोथरूड, चांदणी चौक, वाकड, भूमकर चौक, हिंजवडी आणि संध्याकाळी तेच उलटं. इथे पोलोचा तो डीएसजी, ज्याच्यामुळे घाटात एवढी मजा येते, तोच दुखणं होतो. या सात गिअरच्या डीएसजीमध्ये दोन ड्राय क्लच आहेत, तेलात बुडालेले नाहीत. भूमकर चौकात पाऊण तास गाडी रांगते, तू ब्रेक अर्धवट सोडतोस, गाडी हातभर पुढे जाते, परत ब्रेक, आणि या सगळ्या वेळात क्लच ना पूर्ण धरलेला ना पूर्ण सुटलेला, नुसता घासत आणि तापत असतो. थोड्या वेळाने पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सीटखाली बारीक थरथर जाणवायला लागते, मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखी, आणि एकदा का ती कळली की मग दर सिग्नलला तुझं लक्ष तिकडेच. पुढची पायरी म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर टाकणारी हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सची पेटी. ती गेली की बिल लाखाच्या वर जाऊ शकतं, आणि ही वॉरंटी संपलेली गाडी आहे, ते बिल तुझ्या पगारातून जाणार. सगळ्यांच्या गाड्यांना होतंच असं नाही, पुढच्या गाडीमागे थोडी जागा सोडून मग एकदाच नीट पुढे घ्यायची सवय असेल तर क्लच बराच टिकतो, पण तू घेतोयस ती गाडी आधीच्या मालकाने कशी चालवली हे तुला कोण सांगणार?

पेट्रोलचा हिशोब पण करून बघ. कंपनीचे आकडे, लिटरला पोलोचा १७.२ किलोमीटर आणि स्विफ्ट मॅन्युअलचा २४.८. हे आकडे गाड्यांची टेस्ट करणाऱ्या ज्या एआरएआयच्या नावाने छापतात ती संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण टेस्ट होते लॅबमध्ये रोलरवर, त्यामुळे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पोलो नऊ-दहा आणि स्विफ्ट पंधरा-सोळा धरून चाल. महिन्याला हजार किलोमीटर झाले तर पोलोला शंभर लिटरच्या वर, स्विफ्टला पासष्टच्या आसपास, म्हणजे दर महिन्याला चार हजारांच्या आसपास फरक नुसत्या पेट्रोलमध्येच. शिवाय आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, आणि २०१५ ची गाडी काही ई-२० धरून बनवलेली नाही.

इन्शुरन्सचं फार कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर, साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाड्यांना सहज मिळतं, जुन्या पोलोला मिळणं अवघड. आणि झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्ट्सवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपर फुटला की निम्मे पैसे तुझे. नवीन हाताने चालवताना बंपर फुटतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) पण गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. सेकंडहँडच्या लोनचं व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं ते वेगळंच. आणि खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची, २०१५ ची घेतलीस तर २०३० मध्ये परत आरटीओच्या फेऱ्या.

सेफ्टीच्या बाबतीत मात्र डोळे झाकून स्विफ्ट म्हणता येत नाही, इथे मी स्वतः बराच घुटमळलो. पोलोला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये दोन एअरबॅग असताना चार स्टार मिळाले होते, जीटीमध्ये ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टीम) पण होतं, पण एअरबॅग दोनच आणि तेव्हाची टेस्ट आताच्या मानाने सोपी. स्विफ्टच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएसपी आहे. पण मागच्या पिढीच्या स्विफ्टला २०२२ मध्ये एकच स्टार मिळाला होता हे विसरू नको. नव्या पिढीच्या डिझायरला २०२४ मध्ये पाच मिळाले, पण डिझायरचे स्टार स्विफ्टला लावू नये, टेस्ट झालेली गाडी वेगळी. स्टार हाच तुझा पहिला निकष असेल तर सरळ आल्ट्रोझ बघ, पुण्यातच बनते आणि जानेवारी २०२० मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळालेले आहेत.

माझ्यासाठी निर्णय होतो तो मात्र दुसऱ्या गोष्टीवर. नवीन ड्रायव्हरला गाडी वळवता येते, गिअर टाकता येतात, पण समोरचा रिक्षावाला आता वळणार, बसमागून माणूस बाहेर येणार, हे अजून दिसत नाही. ती नजर यायला दोन-तीन वर्षं आणि दोन-तीन पावसाळे जातात. टर्बोची गाडी या काळात तुला विचार करायला वेळच देत नाही, साठचे ऐंशी कधी झाले कळत नाही, आणि साठपेक्षा ऐंशीला धडकेची ताकद जवळपास पावणेदोन पट असते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनीयर गेले, चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. पोलो म्हणजे पोर्शे नाही, तू अल्पवयीन नाहीस, मला मान्य आहे, पण रात्री मोकळा रस्ता दिसला की पाय कसा दाबला जातो ते मी पोलोत स्वतः अनुभवलंय आणि त्या रस्त्यावर दुचाकीवरून घरी जाणारी माणसं असतात. एक्सप्रेसवेवर कारला शंभरचं लिमिट, घाटात साठ, आता कॅमेरे आहेत, दोन हजारांचं ई-चलान घरी येतं. म्हणजे पोलोची जी ताकद साठ-सत्तरच्या पुढे खुलते, ती वापरायला पुण्याच्या आसपास जागा फारशी नाहीच.

उलट स्विफ्ट मॅन्युअल तुला ड्रायव्हिंग शिकवते. कमी ताकदीची गाडी घाटात चालवायची तर कुठला गिअर, कुठे वेग टिकवायचा, ओव्हरटेक कधी सोडून द्यायचा, हे सगळं डोक्यात बसतं. तीन वर्षांनी पोलोसारखी गाडी हातात आली की तिचा खरा उपयोग करता येतो.

आता समज, घरी बाबांची गाडी आहे, ऑफिसला तू मेट्रोने किंवा बाईकने जातोस आणि ही गाडी फक्त शनिवार-रविवारची आहे. मग माझं मत बदलतं, हौसेला मोल नसतं. पण तेव्हाही डीएसजीवाली सोडून २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय मॅन्युअल शोध. तीन सिलिंडर, ११० पीएस, टॉर्क तोच १७५, सहा गिअर, आणि ड्राय क्लच डीएसजीची कटकटच नाही. जीटीचा बॅज मिळणार नाही आणि नीट ठेवलेल्या गाड्या लोक सोडत नाहीत, त्यामुळे शोधायला वेळ लागेल, पैसे पण जास्त जातील.

कुठलीही पोलो बघायला जाशील तेव्हा मालकाला सांग की गाडी सकाळपासून चालू करू नका, थंड इंजिन स्वतः चालू करून आवाज ऐक. डीएसजी असेल तर सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून नुसती रांगू दे आणि थरथर येते का बघ, मग चढावर तेच कर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, चारही टायरवर वेगवेगळी वर्षं दिसली तर विचार. रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केलाय का हे तोंडावर विचार, स्टेज वन केलेल्या पोलो पुण्यात खूप आहेत आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले त्यावरून अडवू शकतात. सर्व्हिस हिस्टरी सर्व्हिस सेंटरकडून काढून घे, मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको. आणि गाडी एमएच-१२ असो की एमएच-१४, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन ट्रान्सफरचा अर्ज भरला जाईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नको, समोरचा कितीही ओळखीतला असला तरी.