इंडिकेटरचा फॉल्ट शोधायला टेस्ट लॅम्प घ्यावा की मल्टीमीटर?

गाडीचा इंडिकेटर बंद पडला किंवा एका बाजूचा भराभर लुकलुकायला लागला की बहुतेक जण आधी फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा डबीसारखा भाग, बदलून टाकतात. फॉल्ट तिथे नसेल तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. तो नेमका शोधायला ऑटो स्पेअर्सच्या दुकानात तीन स्वस्त साधनं मिळतात : टोकाला सुई आणि आत बल्ब असलेला साधा टेस्ट लॅम्प, तसाच दिसणारा एलईडीचा टेस्टर आणि पिवळा-काळा ८३० छापाचा डिजिटल मल्टीमीटर. मारुती ८००, ओम्नी, इंडिका अशा वेगळा फ्लॅशर असलेल्या गाड्यांसाठी आमचा कौल साध्या बल्बवाल्या टेस्ट लॅम्पला आहे. मल्टीमीटर त्याच्या जोडीला हवा, त्याच्याऐवजी नको. एलईडी टेस्टर या कामासाठी घेऊच नका.

कारण साधं आहे. इंडिकेटरचा पुढचा आणि मागचा बल्ब प्रत्येकी २१ वॅटचा, बाजूचा छोटा बहुधा ५ वॅटचा. म्हणजे एका बाजूला ४७ वॅट, १२ व्होल्टला जवळपास ४ अँपिअर करंट. हॅझर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम, लावला की दुप्पट. कप्लरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन हिरवी पडून तिथे समजा ५ ओहमचा अडथळा आला, तर २१ वॅटच्या बल्बला जेमतेम निम्मं व्होल्टेज मिळतं आणि तो मिणमिणतो. पण त्याच जागी बल्ब काढून मल्टीमीटर लावला, तर तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. एलईडी टेस्टरही १०-२० मिलिअँपिअरवर लख्ख पेटतो. दोघंही ‘सप्लाय आहे’ म्हणतात आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. बल्बचा लॅम्प मात्र करंट ओढतो, म्हणून वायर भार पेलते की नाही हे त्याच्या उजेडावरून कळतं.

अर्थात बाजारातल्या लॅम्पमध्येही डावं-उजवं आहे. ‘६ ते २४ व्होल्ट’ असं छापलेल्यात बल्ब २४ चा असतो आणि १२ वर मंद जळतो. मग मंद उजेड फॉल्टचा की बल्बचा हे समजत नाही. १२ व्होल्टचाच मागून घ्या. क्लिपची स्प्रिंग घट्ट हवी, दाते पत्र्यात रुतले पाहिजेत. वायर निदान ३ मीटरची असावी. बऱ्याच लॅम्पना जेमतेम मीटरभर असते आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत पोचत नाही. सुई स्टीलची हवी, नरम सुई दोन-चार वेळांतच वाकते. आतला बल्बही लहान असतो, साधारण ३ ते ५ वॅटचा. म्हणून इंडिकेटरसाठी आणखी एक जुगाड करून ठेवाच : सिंगल कॉन्टॅक्ट होल्डर, २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि क्लिपा. खऱ्या भाराची परीक्षा तोच घेतो.

काम सुरू करण्याआधी लॅम्प बॅटरीवर लावून बघा. मग क्लिप अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडलेल्या गाडीच्या उघड्या पत्र्याला. रंग लावलेल्या बोल्टला धरलेली क्लिप म्हणजे अर्थ नव्हे; पत्रा खरवडा किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला लावा. इग्निशन चालू ठेवा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, सुई दोन्हींवर टेकवा. दोन्हींवर पेटला तर फ्यूज ठीक, एकावरच पेटला तर उडालेला, एकावरही नाही तर फ्यूजपर्यंत सप्लायच नाही. फ्यूज न काढता होणारी ही तपासणी मल्टीमीटरपेक्षा लॅम्पने कितीतरी सुटसुटीत होते.

आता खरा भाग, फ्लॅशर. तो सॉकेटमधून उपटा. तीन पिनांवर बी, एल, ई अशी खूण असते. युरोपीय पद्धतीच्या फ्लॅशरवर ४९, ४९ए आणि ३१. बी म्हणजे सप्लाय, एल म्हणजे बल्बकडे जाणारी, ई म्हणजे अर्थ. सॉकेटच्या बी वर लॅम्प पेटायला हवा. नाही पेटला तर हॅझर्डचं बटण दाबून पुन्हा बघा. आता पेटला, तर इंडिकेटरचा फ्यूज तरी गेलाय किंवा हॅझर्ड स्विचचे आतले कॉन्टॅक्ट तरी खराब झालेत. अनेक गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय हॅझर्ड स्विचमधूनच फिरून येतो, आणि हे बटण महिनोन्‌महिने कुणी दाबत नाही, त्यामुळे कॉन्टॅक्टवर काट चढते. वीस-तीसदा दाबून सोडल्यावर इंडिकेटर चालू झाला, तर दोषी सापडला; पण तो स्विच लवकरच बदलावा लागणार.

बी वर सप्लाय असेल तर बी आणि एल जाड वायरच्या तुकड्याने जोडा, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून. फ्यूजशिवाय नको, पुढे शॉर्ट असेल तर वायरिंग जळेल. आता स्टिअरिंगजवळचा इंडिकेटरचा दांडा डावीकडे टाका. बल्ब न लुकलुकता सलग पेटले, उजवीकडेही पेटले, तर वायरिंग आणि स्विच दोन्ही ठीक. पण फ्लॅशरला लगेच दोष देऊ नका. आधी लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावून सुई ई वर टेकवा. लॅम्प पेटला नाही तर अर्थची वायर तुटली आहे, नवा फ्लॅशरही चालणार नाही. एकच बाजू पेटली तर दांड्याचा स्विच किंवा त्या बाजूची वायर. दांड्यापर्यंत जायला स्टिअरिंगखालचं कव्हर उघडाल तेव्हा पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कप्लर दिसले तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या. तिथे टेस्ट लॅम्प लावणं धोक्याचं आहे.

भराभर लुकलुकणं म्हणजे बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब करंट घेत नाही. ठरलेला वेग मिनिटाला ६० ते १२० असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर भार कमी झाला की वेग वाढवतो. जुना बायमेटलचा (तापून वाकणाऱ्या पट्टीचा) फ्लॅशर उलट वागतो, मंदावतो किंवा पेटून राहतो. इथे २१ वॅटचा घरी बनवलेला लॅम्प कामाला येतो. न पेटणारा बल्ब काढा, लॅम्पचं एक टोक होल्डरच्या मधल्या कॉन्टॅक्टला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला धरा. लॅम्प लख्ख लुकलुकला आणि वेगही जागेवर आला, तर सप्लाय चोख आहे. दोष बल्बचा किंवा होल्डरच्या अर्थचा. नवा बल्ब घेताना पिना बघून घ्या. नारिंगी बल्बच्या पिना समोरासमोर नसतात, पांढऱ्याच्या असतात. दाबून बसवलात तर होल्डर फुटतो.

मल्टीमीटर लागतो तो अर्थसाठी. इंडिकेटर दिला की मागचा टेल लॅम्पही त्याच तालावर लुकलुकतो, हे खराब अर्थचं हमखास लक्षण. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर तर फार दिसतं. बी-एल जोडलेलेच ठेवा, नाहीतर लुकलुकण्याबरोबर मीटरचे आकडे नाचत राहतात. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर, काळा प्रोब (मीटरच्या वायरीची सळई) बॅटरीच्या मायनसला, लाल होल्डरच्या बॉडीला, बल्ब पेटलेला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १ व्होल्टच्या वर गेला की अर्थचा बोल्ट उघडून पॉलिश पेपरने घासायचा. इतका बारीक फरक लॅम्पच्या उजेडावरून डोळ्यांना कळत नाही, आणि एवढ्याकरता हा मीटर पैसा वसूल आहे.

मीटरच्या ओहमच्या रेंजवर मात्र फार विसंबू नका. २१ वॅटचा थंड बल्ब एक ओहमच्याही आत दाखवतो आणि प्रोबच्या वायरी स्वतःच त्यात भर घालतात. प्रोब एकमेकांना टेकवून आलेला आकडा वजा करा. आणि १० अँपिअरचं भोक बहुतेक स्वस्त मीटरांत बिनफ्यूजचं असतं. त्यात प्रोब विसरून व्होल्टेज मोजायला गेलात तर सरळ शॉर्टच.

बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो, टिकटिकही स्पीकरमधून येते. दांड्यापासून बीसीएमपर्यंतच्या बारीक वायरींवर बल्बचा लॅम्प लावू नका, तिथे फक्त मल्टीमीटर. पुढचं काम स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्राचं. कंपनीच्या एलईडी दिव्यांवरही लॅम्प नको.

शेवटी सुईबद्दल : वायर टोचण्यापेक्षा कप्लरच्या मागच्या बाजूने, पिनेलगत सुई सरकवा. टोचावंच लागलं तर ते भोक लिक्विड इन्सुलेशनने किंवा गोंद असलेल्या हीटश्रिंकने बंद करा; नुसती टेप पावसात सुटते, भोकातून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं.