आमवात: वेदनाशामकावर दिवस काढायचे की मूळ औषध लगेच सुरू करायचं?

सकाळी मूठ वळत नाही, बांगड्या चढत नाहीत, टॉवेल पिळताना मनगटं ठणकतात आणि हात मोकळे व्हायला तासभर जातो. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेत आणि हे सहा आठवड्यांपासून चाललंय, तर हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. गुडघे झिजण्याचं दुखणं वेगळं.

पहिली वाट बहुतेकांची: डायक्लोफिनॅकसारखी गोळी घ्यायची आणि ‘बघू’ म्हणायचं. गोळी स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते, संध्याकाळपर्यंत बरंही वाटतं. पण ती फक्त दुखणं दाबते. सांध्याचं अस्तर सुजलेलंच राहतं आणि हाड कुरतडलं जातं. एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. शिवाय महिनोन् महिने या गोळ्या घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

याचाच एक धोकादायक चुलतभाऊ म्हणजे बिननावाची पुडी. दोन दिवसांत चमत्कार झाला तर तिच्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या.

दुसरी वाट, संधिवाततज्ज्ञाकडे जाऊन पहिल्या काही महिन्यांतच मेथोट्रेक्सेट हे मूळ आजारावरचं औषध सुरू करणं. माझं मत याच बाजूने, कारण आजार इथेच मुळात आटोक्यात येऊ शकतो. जाच मात्र आहे. असर दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर डॉक्टर कधी थोडे दिवस स्टिरॉइड देतात. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. दारू शक्यतो बंदच, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. नेटवर ‘कॅन्सरचं औषध’ वाचून घाबरून बंद करणारे पुष्कळ. इथला डोस त्यापेक्षा फारच कमी असतो.

‘आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, म्हणजे सुटलो’ असंही नाही. तो निगेटिव्ह असूनही आमवात असतो, म्हणून अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक रक्ततपासणी), सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि मुख्य म्हणजे सांधे दाबून केलेली तपासणी हवी.

मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे, खर्च होतो तपासण्यांवर आणि प्रवासावर. तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर निदानासाठी मोठ्या शहरात एक फेरी करा. मधल्या रक्ततपासण्या, त्यांना विचारून, जवळच्या एमडी डॉक्टरांकडे करता येतात.