तुडतुडे ओळखायला घेतलेला मोबाईलचा मायक्रोस्कोप, दोन सीझन वापरून

एमजी रोडवरून घेतला, साडेअकराशेला, ओटीजीने, म्हणजे मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी लावायच्या यूएसबी जोडणीने, मोबाईलला लागतो. बॉक्सवर 1000 पट छापलंय ते सोडून द्या, तेवढं काही दिसत नाही. मला तो फक्त तुडतुड्यांसाठी हवा होता, तीन-चार मिलिमीटरचा किडा तो, त्या कामाला कसा आहे तेवढं सांगते.

आंब्याच्या मोहोरावरच्यांसाठी एक नंबर. आपण सगळ्यांना सरसकट तुडतुडा म्हणतो पण मावशीच्या एकाच झाडावर मला तीन जाती सापडल्या! पंख सुरू होतात तिथे पाठीवर छोटा त्रिकोण असतो, तो बघायचा. त्यावर तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असेल तर इडिओस्कोपस निटिड्युलस. दोनच ठिपके असले की घोळ, कारण अम्रिटोडस अ‍ॅटकिन्सोनीलाही दोन आणि इडिओस्कोपस क्लायपिअ‍ॅलिसलाही दोन, मग अंगाने मोठा दांडगा तो अम्रिटोडस आणि बारका, डोक्यावरपण काळे ठिपकेवाला तो क्लायपिअ‍ॅलिस. साध्या भिंगातून मी हे दोन कायम चुकायचे.

घोटीला मामाच्या भातावरचे हिरवे तुडतुडेपण जमले. तिथे डोक्याच्या पुढच्या कडेला काळी रेघ असली तर नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस, नसली तर व्हायरेसेन्स, आणि हा फरक बघायलाच हवा कारण टुंग्रो रोग पसरवण्यात व्हायरेसेन्स पुढे. पंखावरच्या काळ्या ठिपक्यावर जाऊ नका, तो कधी मोठा कधी लहान, मादीला तर बऱ्याचदा नसतोच. फक्त यातले एलईडी त्या चकचकीत हिरव्या पंखांवर नुसते चमकतात, मी टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवला तेव्हा कुठे रेघ दिसली. किडा डबीत घालून पाच मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचा, नाहीतर फोकस होईपर्यंत उडी मारून गेलेला असतो. फोटो ताजा असतानाच काढा, स्पिरिटमध्ये टाकला की हिरवा रंग पिवळट पडतो.

पण भेंडी-कपाशी, द्राक्षाच्या पानाखालचे ते फिकट हिरवे बारके, तिथे हा हात टेकतो. दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका असलेला अमरास्का कळतो, बाकीचे बाहेरून सगळे सारखेच. त्यांची जात नराच्या जननेंद्रियावरून ठरते, पोट कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करून ग्लिसरीनमध्ये बघावं लागतं आणि त्याला खालून प्रकाश देणारा मोठा मायक्रोस्कोपच पाहिजे. मादी किंवा पिल्लं हातात आली तर बरेचदा वंशापर्यंतच, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंतच, थांबावं लागतं, तेव्हा नुसता फोटो बघून कोणी छातीठोक जात सांगत असेल तर मी तरी ते लिहून ठेवत नाही.

पाचपैकी साडेतीन. सोबतचा स्टँड हलतो, तो वेगळा घ्या.