मिच मिलर, पर्सी फेथ की रे कॉनिफ? अरेंजिंग शिकताना आधी कुणाला ऐकावं

कीबोर्डवर हात बसलाय, नोटेशन वाचता येतं, आता गाण्यामागे वाद्यवृंद कसा मांडायचा ते शिकायचंय, अशा कुणालाही मी जुन्या अमेरिकन रेकॉर्डी ऐकायला सांगतो. लगेच प्रश्न येतो, सुरुवात कुणापासून? १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत मिच मिलर, पर्सी फेथ आणि रे कॉनिफ हे तिघं एकाच वेळी काम करत होते. तिघांच्या नावाचे वाद्यवृंद होते, तिघांच्याही रेकॉर्डी भरपूर खपल्या, आणि आज ऑनलाइन शोधलं तर तिघं एकाच ‘इझी लिसनिंग’च्या, म्हणजे कानाला सहज रुचणाऱ्या हलक्या संगीताच्या, यादीत सापडतात. तिथेच गफलत होते, कारण तिघांची कामं अगदी निरनिराळी होती. माझं मत आधीच सांगतो: पहिल्यांदा फेथ, मग कॉनिफ आणि शेवटी मिलर. पण मिलरला टाळू नका.

मिलर मुळात ओबोवादक (ओबो म्हणजे सनईच्या जातीचं पाश्चात्त्य वाद्य), आणि फार वरच्या दर्जाचा. रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये शिकलेला. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९४९मध्ये व्हायोलिनच्या ताफ्यासोबत जे ध्वनिमुद्रण केलं, त्यातला ओबो मिलरचा आहे. १९५०मध्ये तो कोलंबियाच्या पॉप विभागाचा प्रमुख झाला. कोणत्या गायकाला कोणतं गाणं द्यायचं, मागे अरेंजर कोण, कुठलं वाद्य पुढे आणायचं, हे तो ठरवायचा. आपल्या चित्रपटसंगीतात हे अधिकार संगीतकार, दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात वाटलेले असत, त्यामुळे मिलरची खुर्ची नेमकी कसली होती हे आपल्याला चटकन उमगत नाही.

१९५१मध्ये त्याने गायिका रोझमेरी क्लूनीला ‘कम ऑन अ माय हाउस’ गायला लावलं. तिला ते गाणं मुळीच पसंत नव्हतं. मिलरने त्या धसमुसळ्या गाण्यामागे हार्प्सिकॉर्ड ठेवला, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या बाखच्या काळातलं, पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य! गाणं तुफान चाललं. एका वाद्याच्या रंगावर अख्खं गाणं कसं उभं राहतं, हे शिकायला ते उत्तम आहे. पण हाच माणूस चाबकाचे फटकारे आणि कुत्र्याचं भुंकणंही रेकॉर्डवर आणायचा, आणि ते फ्रँक सिनात्राच्या गाण्यालाही चुकलं नाही. १९५८पासूनच्या त्याच्या ‘सिंग अलाँग’ रेकॉर्डींमध्ये पुरुषांचा कोरस सर्वांना येणारी गाणी साधेपणाने म्हणतो. घरी बसून सोबत गायला त्या छान आहेत. अरेंजिंग शिकणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही.

फेथकडे मात्र मला थांबायचंय. जन्म १९०८चा, टोरोंटोचा. लहानपणी व्हायोलिन, मग पियानो. मूकपटांना साथ करत करत हात तयार झाला. अठराव्या वर्षी बहिणीला आगीतून वाचवताना दोन्ही हात भाजले आणि मैफलीत पियानो वाजवण्याचं स्वप्न संपलं. मग तो अरेंजिंगकडे वळला. कॅनडाच्या रेडिओवर काही वर्षं काढून १९४०मध्ये अमेरिकेत आला आणि १९५०मध्ये कोलंबियात. रेडिओच्या या तालमीला मी फार मोल देतो. दर आठवड्याला नवं लिहायचं आणि ठरल्या मिनिटाला संपवायचं. त्यातून त्याच्या लिखाणात नेमकेपणा आला, पसारा राहिला नाही.

लोक फेथला ‘थीम फ्रॉम अ समर प्लेस’साठी ओळखतात. मॅक्स स्टायनरची चित्रपटासाठीची चाल, फेथने १९५९मध्ये ध्वनिमुद्रित केली. १९६०मध्ये ती अमेरिकेत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि तिला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ हे ग्रॅमी मिळालं. खालची साथ प्रत्येक ठोक्याला तीन-तीन सूर धरून चालते. तरुणांच्या त्या काळच्या संथ गाण्यांत हाच ठेका असायचा. त्यावर व्हायोलिन्स आपली चाल शांतपणे मांडतात. जुनं आणि नवं एकमेकांवर ठेवलंय आणि सांधा दिसत नाही.

तरीही विद्यार्थ्याला मी या धूनेपासून सुरुवात करायला सांगणार नाही. आधी फेथ गायकामागे उभा असतो तेव्हाच्या रेकॉर्डी ऐका, म्हणजे टोनी बेनेटबरोबरच्या. १९५१ची ‘बिकॉज ऑफ यू’ आणि ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’, १९५३ची ‘रॅग्ज टू रिचेस’. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हँक विल्यम्सचं, गिटार आणि फिडलवरचं ग्रामीण गाणं. ते बेनेटला गायला लावलं मिलरने, आणि त्याला शहरी कपडे घातले फेथने. मूळ गाणं आणि हे, दोन्ही पाठोपाठ ऐकलं की अरेंजर चालीला धक्का न लावता काय काय बदलू शकतो ते कळतं. ‘रॅग्ज टू रिचेस’च्या मधल्या म्युझिक पीसमध्ये तर त्याने चक्क टँगो या नाचाचा ठेका घातलाय.

लेबलवर बेनेटच्या नावाखाली पर्सी फेथचं नाव छापलेलं असे. हे वाचताना मला सेबॅस्टियन डिसूझा आठवतात. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागचं व्हायोलिनचं केवढं तरी लेखन त्या गोव्याच्या माणसाचं, पण रेकॉर्डच्या लेबलवर संगीतकाराचं नाव असे, अरेंजरचं नाही. त्याची खंत मला अजून वाटते.

कॉनिफ ट्रॉम्बोनवादक, बनी बेरिगन आणि आर्टी शॉ यांच्या बँडमधून आलेला. चालणाऱ्या गाण्यांची चिरफाड करून त्यांत काय पुन्हा पुन्हा येतं, याचा त्याने अभ्यास केला होता. मग मिलरच्या हाताखाली गाय मिचेलचं ‘सिंगिंग द ब्लूज’ (१९५६) आणि जॉनी मॅथिसचं ‘चान्सेस आर’ (१९५७) यांसारखी गाणी त्याने बांधली. त्याची खरी कल्पना वेगळीच होती: कोरसला शब्द द्यायचेच नाहीत. बायकांचे आवाज ट्रम्पेटबरोबर, पुरुषांचे ट्रॉम्बोनबरोबर, ‘दा-दा’, ‘बा-बा’ असे. ट्रम्पेटची धार आवाजाने मऊ होते, आणि आवाजाला ट्रम्पेटचा कणा मिळतो. हेडफोन लावून ऐका, कुठे माणूस संपतो आणि पितळ सुरू होतं ते सांगता येत नाही. पुढे त्याच्या कोरसला शब्दही मिळाले, आणि १९६६च्या ‘समव्हेअर माय लव्ह’ला ग्रॅमी. मला शब्दांआधीचा कॉनिफ जास्त आवडतो. अडचण एवढीच की युक्ती चटकन कळते. मी त्याच्यापासून सुरुवात केली आणि नंतर बराच काळ प्रत्येक गाण्यात कोरस घालत राहिलो, गाण्याला हवा असो वा नसो. फेथ आधी ऐका म्हणतो ते याच अनुभवातून.

जुन्या तबकड्या विकत घेणाऱ्यांसाठी एक खूण. आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डींवर दिसणारं ‘कोलंबिया’ हे लेबल एचएमव्हीच्या घरातलं. अमेरिकन कोलंबियाशी त्याची गल्लत करू नका. बाहेरच्या बऱ्याच देशांत अमेरिकन कंपनीला हे नाव वापरता येत नसल्यामुळे या तिघांच्या तबकड्या आधी बऱ्याचदा ‘फिलिप्स’ आणि १९६२पासून ‘सीबीएस’ या नावाने निघाल्या. अमेरिकन प्रत मिळाली तर क्रमांक पाहा. आकड्याआधी ‘सीएल’ असेल तर मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने), ‘सीएस’ असेल तर स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा). कॉनिफ शक्यतो स्टीरिओच घ्या. बेनेटबरोबरची गाणी स्टीरिओ येण्यापूर्वीची आहेत, ती मोनोतच ऐका.

पहिल्या आठवड्याला एकच गाणं पुरे, ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’. कागदावर शब्द लिहून घ्या. व्हायोलिन्स कुठे येतात आणि कुठे थांबतात, तिथे पेन्सिलीने खुणा करा. दुसऱ्या दिवशी फक्त थांबण्याच्या जागा ऐका.