पट्ट्या, ठोका की व्हायब्रेशन? पार्किन्सन्समध्ये चालायला आधी काय करून बघायचं

पार्किन्सन्सवाल्याचं चालणं बिघडलंय म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि सगळं त्यावरच ठरतं. एक म्हणजे पावलं लहान होत जातात, पाय घासतात, वेग पडतो. दुसरी फ्रीझिंग, म्हणजे दारात, वळताना, खुर्चीतून उठून पहिलं पाऊल टाकताना पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडल्यामुळे चालण्याची आपोआप येणारी लय नीट येत नाही, मग ती बाहेरून द्यायची, डोळ्यांना, कानांना नाहीतर त्वचेला.

अशा बाहेरून दिलेल्या इशाऱ्याला क्यू म्हणतात. फ्रीझिंग असेल तर मी आधी डोळ्यांचा क्यू सांगेन. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना सरळ चढून जातो हे बऱ्याच घरांत बघितलेलं असतं. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी काकांच्या बाबतीत हेच पाहिलं आणि जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र काढलं, त्यावर काका चालले. एवढंही करायची गरज नाही, आडव्या पट्ट्या पुरतात, १९६७ मध्येच पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने त्यांचा उपयोग लिहून ठेवलाय. अंतर त्या माणसाच्या चांगल्या पावलाएवढं ठेवा, साधारण ४० ते ६० सेंमी. शहाबादी फरशीवर पांढरी टेप, पांढऱ्या टाइल्सवर गडद, डिझाइनच्या फरशीवर मात्र पट्टी हरवून जाते. आणि रोजच्या पोछ्याने टेपच्या कडा सुटतात, त्यातच पाय अडकून पडायला होतं, त्यामुळे सुटली की लगेच बदलायची. पूर्ण हॉलभर नको, अडतं तिथेच लावा, संडासचं दार, पलंगाची कड.

अडचण एकच, पट्ट्या घराबाहेर येत नाहीत. त्यासाठी पावलापुढे जमिनीवर लेझरची रेघ टाकणारी काठी किंवा बूट असतात. २०१८ च्या डच अभ्यासात २१ जणांना लेझर बूट घातले तर गोळीचा असर नसताना फ्रीझिंगचे प्रसंग जवळपास ४६ टक्क्यांनी कमी झाले. चांगलंच आहे, पण कडक उन्हात ती रेघ दिसत नाही, मग सकाळी लवकर किंवा घरातच वापरावं लागतं.

पावलं नुसतीच छोटी होत असतील, अडणं नसेल, तर ठोका. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप, फुकट मिळतो. आधी एक मिनिट त्यांच्या नेहमीच्या चालीत पावलं मोजा, तोच आकडा लावा, जमलं की फिजिओला विचारून पाच-दहा टक्के वाढवा. फ्रीझिंगवाल्याला उलट थोडा हळू ठोका बरा पडतो, घाईने पाय आणखी अडतात. गाणं लावायचं तर केरव्यासारखा सरळ ठेका हवा, आलाप किंवा लय बदलणारं काही चालत नाही. आमच्या आईला टाळांचा आवाज मेट्रोनोमपेक्षा आवडतो, टिकटिकीने तिला चिडचिड होते, आणि रोज वापरायचंय म्हटल्यावर आवडीला महत्त्व आहेच ना. पण रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालू नका, मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे.

मनगटावरचं व्हायब्रेशन, म्हणजे ठोक्याच्या लयीत थरथरणारा पट्टा, मी तिसऱ्या नंबरवर ठेवते. ऐकू कमी येत असेल किंवा चारचौघांत आवाज नको वाटत असेल तर भारी, पण खर्च होतो आणि ज्यांच्या हाताला थरथर आहे त्यांना ते जाणवतंय का हे आधी कुणाकडून मागून घेऊन, घालून बघा.

यातलं काहीही घेतलं तरी काही आठवड्यांत काम झालं असं समजू नका. इंग्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये १५३ जणांना तीन आठवडे घरी जाऊन क्यू शिकवले होते, चाल सुधारली, पण क्यू बंद केल्यावर सहा आठवड्यांत बराचसा फायदा गेला. म्हणजे हे औषधासारखं चालूच ठेवायचं, आणि गोळीच्या वेळा चुकवायच्या नाहीतच. तपासताना ऑन (गोळीचा असर असताना) आणि ऑफ (असर उतरल्यावर) दोन्ही वेळांना चालवून बघा, शुभंकर, म्हणजे सांभाळणारा माणूस, बाजूला उभा राहूनच, कारण एकाच माणसाला सकाळच्या ऑफमध्ये पट्टी लागते आणि दुपारी ठोक्यावर भागतं. विसरभोळेपणा किंवा भास होत असतील तर एका वेळी एकच क्यू, आणि तो लावायच्या आधी न्यूरोफिजिओला, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या फिजिओथेरपिस्टला, दाखवा.