व्हॉट्सॲपचे जोडलेले हात 🙏 : पाचपैकी चार तारे

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप मी सांभाळते, त्यामुळे हे चिन्ह रोज माझ्या कामाचं. मे 2022 मध्ये व्हॉट्सॲपने मेसेजवर रिॲक्शन द्यायची सोय आणली, तेव्हा पहिल्या सहा चिन्हांत अंगठा आणि बदामाबरोबर जोडलेले हातही होते. त्या सहांत आपल्या माणसांना सगळ्यात उपयोगी तेच.

पूर्वी टाकी धुण्याची सूचना टाकली की खाली 'ओके', 'बरं', 'धन्यवाद ताई' यांची रांग लागायची आणि पाणी कधी बंद होणार ती वेळ वर कुठल्या कुठे निघून जायची. आता मेसेज दाबून धरायचा, हात जोडायचे, झालं. रिॲक्शनचं नोटिफिकेशन फक्त मेसेज टाकणाऱ्यालाच जातं, त्यामुळे रात्रपाळी करून झोपलेल्याचा फोन वाजत नाही. चिन्हावर टिचकी मारली की कोणी हात जोडले ते नावानिशी दिसतं. मला तर हजेरीच मिळते.

तळमजल्यावरच्या काकांनी सत्यनारायणाचं आमंत्रण टाकलं की त्याखाली नुसता अंगठा फार कोरडा वाटतो. तिथे हातच जोडावेत.

काही जण याला दोघांनी दिलेली टाळी समजतात. पण 2010 मध्ये हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठी ठरलेल्या अक्षरं-चिन्हांच्या यादीत, आलं तेव्हा त्याचं नावच 'हात जोडलेली व्यक्ती' असं होतं. मुळात हे जपानी फोनमधलं. तिकडेही विनंती करताना, आभार मानताना हात जोडतात, म्हणून आपल्याला ते परकं वाटत नाही.

एक तारा मात्र कापला. बी विंगमधल्या आजी गेल्या तेव्हा त्या बातमीखाली नुसते हातच हात होते. शेजारच्या एकीने तेवढं लिहिलं, "वहिनी, उद्याचा चहा-नाश्ता आमच्याकडून, दार वाजवते." दुःखाच्या वेळी असे दोन शब्द हवेतच. चिन्हावर भागवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसरी अडचण प्रश्नांची. 'रविवारी सभेला येणार का?' याखाली जोडलेले हात म्हणजे येतो, की माफ करा, जमणार नाही? खुर्च्या किती मांडायच्या ते त्यावरून कळत नाही. म्हणून हल्ली अशा मेसेजच्या शेवटी मी लिहितेच : हात जोडू नका, 'हो' किंवा 'नाही' कळवा.